निकालाचा फलक आणि पटाचं रजिस्टर : सातारा-सांगलीच्या हायस्कुलांचा इतिहास



दहावीचा निकाल लागला की साताऱ्यात पोवई नाक्यावर आणि सांगलीत विश्रामबागेच्या चौकात फ्लेक्स लागतात. ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा’ असं वर ठळक अक्षरांत, आणि खाली तीन-चार रांगांत मुलामुलींचे पासपोर्ट फोटो. आम्ही सत्तरी ओलांडलेली माणसं, सकाळी फिरायला निघतो आणि थांबून ते फ्लेक्स वाचतो. कुणाचा नातू, कुणाची नात, ओळख लागते, बरं वाटतं. पण तीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवल्यामुळे एक वाईट खोड जडलेली आहे. कुणी टक्के सांगितले की आम्ही विचारतो, कशाचे टक्के? शंभर टक्के म्हणजे किती जणांपैकी? ते ‘किती जण’ आले कुठून? आणि जे त्या आकड्यात धरलेलेच नाहीत, ते गेले कुठे?

आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे. शाळेच्या दर्शनी भिंतीवर निकालाचा फलक असतो आणि आत कपाटात पटाचं रजिस्टर असतं. हायस्कुलांचा इतिहास आपण आजवर फलकावरून लिहिला. आम्हाला तो रजिस्टरवरून वाचून बघायचा आहे.

सातारा आणि सांगली एकत्र का घेतले, तेवढं आधी सांगून टाकतो, कारण तरुण मंडळींना हे माहीत नसतं. आजचा सांगली जिल्हा हा पुष्कळसा जुना सातारा जिल्हाच आहे. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्याचे. सांगली, मिरज, जत ही संस्थानं, आटपाडी औंध संस्थानात. स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली आणि १ ऑगस्ट १९४९ ला ‘दक्षिण सातारा’ नावाचा नवा जिल्हा निघाला. १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रे जन्मलं साताऱ्यात आणि आज आहे सांगलीत. कर्मवीर भाऊराव पाटलांचं घराणं ऐतवडे बुद्रुकचं, तेही तसंच. तेव्हा हायस्कुलांच्या बाबतीत या दोन जिल्ह्यांची गोष्ट वेगळी काढता येत नाही.

आता मागे जाऊ. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. १३२ उमेदवार बसले आणि पास झालेले वीस-बावीसच्या घरात. न्यायमूर्ती रानडे त्यांतले एक. हा निकाल आजच्या भाषेत सोळा-सतरा टक्क्यांचा. आज एखाद्या हायस्कूलचा असा निकाल लागला तर मुख्याध्यापकांना कारणे दाखवा नोटीस येईल. त्या काळी मात्र कमी निकाल हे परीक्षेच्या खानदानीपणाचं लक्षण होतं. म्हणजे टक्केवारी हा शब्द तोच, पण त्याची किंमत पार उलटी. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

इंग्रजी अमदानीत साधारण पद्धत अशी होती की जिल्ह्याच्या ठिकाणी एक सरकारी हायस्कूल. साताऱ्यातलं ते हायस्कूल राजवाड्यात भरायचं. छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी बांधलेला जुना राजवाडा, त्यात गादी नाही, वर्ग. १९०१ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या साडेअकरा लाखांच्या आसपास भरली. आणि या साडेअकरा लाखांना हायस्कुलं किती? सरकारी आणि खाजगी मिळून हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. तीही गावांत नाहीत, पेठांत. कऱ्हाडपलीकडच्या डोंगरातल्या किंवा माणदेशातल्या मुलाला हायस्कूल म्हणजे आधी शहरात कुणाच्या तरी घरी राहायची सोय. ज्याचे नातेवाईक शहरात, ज्याला वार लावून जेवता येतं, ज्याच्या घरात आधीच कुणी कारकून किंवा मास्तर आहे, तो जाणार. शेतकऱ्याच्या पोराला शहरात कोण होतं? आणि ज्याची सावलीही चालत नव्हती, त्याला कोण घरी ठेवणार?

या राजवाड्यातल्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला एक नाव चढलं. भिवा रामजी आंबेडकर, नोंद क्रमांक १९१४, इंग्रजी पहिली. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. भाषणं होतात, शाळेत गर्दी होते, ते चांगलंच आहे. पण त्या नोंदीचा अर्थ आपण जरा घाईने लावतो, असं आम्हाला वाटतं. पटावर नाव चढणं आणि वर्गात बसणं या दोन गोष्टी आहेत. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे, आणि शिपायाने वरून ओतलं तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर पाणी नाही. म्हणजे दार उघडं होतं, आतला नळ बंद होता. शाळेच्या कामगिरीचा तक्ता मांडताना ‘पाणी कोणी पाजलं’ हा रकाना कुठल्याही सरकारने आजवर ठेवलेला नाही.

हा प्रश्न त्याआधी अठरा वर्षं जोतीराव फुल्यांनी उभा केला होता. फुल्यांचं घराणं मूळ खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, म्हणजे तेही साताऱ्याचेच. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. त्याचा सांगावा थोडक्यात असा की सारा भरतो रयतेतला माणूस आणि त्या पैशावर वरच्या इयत्ता शिकतात भलतेच. ही तक्रार शिक्षणाच्या दर्जाबद्दल नव्हतीच. शाळेत कोण बसलंय, ही तक्रार होती. पुढे याच जिल्ह्यात एक शिक्षणसंस्था निघाली आणि तिने नावात ‘रयत’ हाच शब्द घेतला, हा काही योगायोग नव्हे. सत्यशोधकांच्या मुशीतूनच ती आली.

भाऊराव पाटलांबद्दल आपल्याकडे इतकं बोललं जातं की बोलणाऱ्याने संकोच करावा. आम्ही एकाच अंगाने बोलतो. भाऊराव स्वतः मॅट्रिक नव्हते. कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि त्यावरून जैन बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. इंग्रजी सहावीच्या पुढे गाडी गेली नाही. नंतर किर्लोस्करांचे नांगर विकले, ओगल्यांचे कंदील विकले आणि त्या निमित्ताने गावोगाव फिरले. आता गंमत बघा. परीक्षेच्या मापाने हा माणूस नापास. आणि महाराष्ट्रात सर्वांत जास्त मॅट्रिक ज्याच्या आसऱ्याने झाले, तो हाच माणूस. ग. दि. माडगूळकरही या मापाने नापासच, त्यांचं गणित अडलं होतं. पण ते जाऊ द्या, नापासांची यादी काढत बसलो तर वेळ पुरणार नाही.

भाऊरावांना गावोगाव फिरताना जे दिसलं, ते शिक्षणखात्याच्या अहवालात नव्हतं. शेतकऱ्याचं पोर हायस्कुलात का नाही? बुद्धी कमी म्हणून? नाही. शाळेची फी जास्त म्हणून? काही अंशी. खरं कारण साधं होतं : रात्री झोपायचं कुठे आणि सकाळी खायचं काय. म्हणून त्यांनी हायस्कूल आधी काढलं नाही, बोर्डिंग आधी काढलं. १९१० च्या सुमारास दुधगावला, मग ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था, १९२४ साली साताऱ्याचं बोर्डिंग. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नामकरण झालं. धनिणीच्या बागेतल्या त्या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी अशी सगळी पोरं एका पंगतीला बसत. लक्ष्मीबाईंनी पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. हे आपण सगळे जाणतोच.

जाणत असलो तरी त्यात एक शैक्षणिक सिद्धान्त आहे, तो आपण नीट उचललेला नाही. शाळेची कामगिरी ही स्वयंपाकघरात सुरू होते, वर्गात नव्हे. बोर्डिंगातली पोरं शिकायला जात शहरातल्याच हायस्कुलात, तेच मास्तर, तीच पुस्तकं. बदललं काय होतं? भाकरीची आणि कंदिलाची सोय. तेवढ्यावर जी मुलं ‘शिकण्यालायक नाहीत’ असं गृहीत धरलं होतं, ती शिकली. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना कारण आणि परिस्थिती यांतला भेद शिकवायचो, तेव्हा उदाहरण म्हणून हेच द्यायचो. आपण ज्याला मुलाचा गुण म्हणतो, तो पुष्कळदा त्याच्या परिस्थितीचा गुण असतो.

१९४० साली संस्थेने साताऱ्यात स्वतःचं पहिलं हायस्कूल काढलं, महाराजा सयाजीराव हायस्कूल. मोफत आणि वसतिगृहयुक्त. मुलांनी सकाळ-संध्याकाळ अंगमेहनत करायची आणि दिवसा शिकायचं. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज कुठल्याही महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात सापडतात, तिथे बहुधा ग्रंथालयात पुस्तकं लावून मिळणारं मानधन असा अर्थ असतो. तेव्हा अर्थ होता खडी फोडणं, माळरान फोडून शेती करणं, स्वतःच्या शाळेची भिंत स्वतः बांधणं.

मग स्वातंत्र्य आलं. १९४८ साली मुंबई सरकारने रयतचं अनुदान थांबवलं. भाऊरावांनी सरकारवर केलेली टीका त्याच्या मुळाशी होती. गाडगे महाराजांसारखी माणसं मदतीला धावली, गावांनी धान्य घातलं, आणि काही काळाने अनुदान पुन्हा सुरू झालं. याच दिवसांत भाऊरावांनी गांधीजींच्या स्मरणार्थ एकशे एक हायस्कुलं काढण्याचा पण केला. आपल्या खेड्यापाड्यांत इतकी ‘महात्मा गांधी विद्यालयं’ का आहेत, त्याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. आणि रयत एकटी नव्हती. १९४५ साली राजारामबापू पाटलांनी कासेगावात आझाद विद्यालय काढलं. प्रतिसरकारात भूमिगत राहिलेली माणसं, काल-परवापर्यंत रेल्वे अडवणारी, कुंडल-वाळव्याकडे आता शाळेच्या पत्र्यासाठी वर्गणी मागत फिरू लागली. साठच्या दशकापर्यंत असं झालं की मोठ्या बाजारगावात हायस्कूल नाही हे लाजिरवाणं ठरू लागलं. यशवंतराव मुख्यमंत्री असताना, १९५९ च्या सुमारास ई.बी.सी.ची सवलत आली. बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असेल त्याच्या मुलाला फी माफ. आमच्या पिढीतल्या निम्म्या मास्तर-तलाठी-इंजिनिअरांच्या आयुष्यात हा बाराशेचा दाखला आहे, बाप कबूल करो वा न करो.

आम्हीही त्यातलेच. वाळवा तालुक्यातल्या एका हायस्कुलात आम्ही अकरावीची एस.एस.सी. दिली. दहावीची परीक्षा १९७५ पासूनची, त्याआधी अकरावी मॅट्रिक. वर्गात कोण कोण होतं? पाटलांचा मुलगा, न्हाव्याचा मुलगा, गावकुसाबाहेरचे तिघं, सुताराचा एक, मुली अवघ्या चार, आणि त्या चारही मास्तरांच्या किंवा ग्रामसेवकांच्या घरच्या. निकाल लागला तेव्हा निम्मा वर्ग नापास होता. त्यावर कुणी फ्लेक्स लावला नाही आणि कुणी शाळेला नावंही ठेवली नाहीत. ‘ऑक्टोबरला बसेल’ म्हणायचे. ऑक्टोबरला बसायचे, मार्चला बसायचे, काही जण दोन-तीन वाऱ्या करून निघायचे, काही मुंबईला माथाडीत जायचे आणि तिथून घरी मनीऑर्डर यायची. शाळा वाईट होती का? आकड्याने बघितलं तर होती. पण ज्या घरांत कुणी अक्षर गिरवलं नव्हतं, त्या घरांतून तिने अर्धी पोरं मॅट्रिक केली होती. हा निकाल पन्नास टक्के म्हणायचा की शंभर?

हा प्रश्न आमच्या एकट्याच्या डोक्यातला नाही. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांचा एक प्रचंड अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे चार हजार शाळा आणि सहा लाखांच्या आसपास विद्यार्थी. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळांतल्या सोयींचा फरक मोजायचा म्हणून तो निघाला आणि निष्कर्ष निघाला भलताच. मुलाच्या गुणांतला फरक शाळेच्या इमारतीपेक्षा आणि खर्चापेक्षा त्याच्या घरच्या परिस्थितीवर जास्त ठरतो, आणि शेजारी कोण बसतो यावरही ठरतो. त्याच वर्षी आपल्याकडे कोठारी आयोगाचा अहवाल आला. त्या आयोगाचे सचिव होते आपले जे. पी. नाईक, कोल्हापूरकडचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे. आयोगाने शेजारशाळेची शिफारस केली. एका वस्तीतली सगळी मुलं, श्रीमंतांची आणि गरिबांची, एकाच शाळेत. कोलमनला जे आकड्यांत सापडलं, ते नाईकांना बोर्डिंगांच्या प्रदेशात वाढल्यामुळे न मोजताही दिसत असावं, असा आमचा आपला अंदाज. शेजारशाळेची शिफारस कागदावर राहिली. समता, दर्जा आणि संख्या हा त्रिकोण काही जुळत नाही, असं नाईकांनी पुढे पुस्तकच लिहिलं.

आता आजच्याकडे येऊ. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे बोर्डाच्या कोल्हापूर विभागात येतात. दहावीच्या निकालात हा विभाग बहुधा कोकणाच्या पाठोपाठ असतो. २०२४ साली राज्याचा निकाल ९५.८१ टक्के आणि कोल्हापूर विभागाचा ९७.४५. म्हणजे १८५९ च्या सोळा-सतरावरून सत्त्याण्णववर. पोरं सहापट हुशार झाली, असं कुणी म्हणणार नाही. पण उलट टोकाला जाऊन ‘हल्ली सगळेच पास होतात, दर्जा गेला’ असं म्हणणारे आमच्या वयाचे पुष्कळ आहेत, त्यांचंही आम्हाला पटत नाही. अर्धा वर्ग ऑक्टोबरला बसत होता, तेव्हा दर्जा कुठे ओसंडून वाहत होता?

आकडा कशाने हलतो याचा एक नमुना देतो. २०१८ चा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ चा ७७.१०. एका वर्षात बारा टक्के खाली. काय झालं होतं? शिक्षक बदलले? मुलं बिघडली? भाषा विषयांचे शाळेकडचे तोंडी परीक्षेचे वीस गुण काढून टाकले होते, आणि नवा अभ्यासक्रम होता. आरडाओरड झाली, वीस गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३०. पुढच्या वर्षी करोनामुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा ९९.९५. परीक्षा न घेतली तर निकाल सर्वांत चांगला लागतो, हे महाराष्ट्राने प्रयोगाने सिद्ध केलं आहे. आता ही सगळी वर्षं ओळीने लावा आणि सांगा, यात साताऱ्याच्या कुठल्या शाळेची कामगिरी दिसते?

बोर्डाचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. विभागवार, जिल्हावार, मुलं-मुली, नियमित, पुनर्परीक्षार्थी असे रकाने. मुली दरवर्षी पुढे, २०२४ ला ९७.२१ विरुद्ध मुलांचे ९४.५६. आमच्या वर्गातल्या त्या चार मुली आठवल्या की हा एक रकाना मात्र डोळे भरून बघावासा वाटतो. पण शाळेच्या निकालासमोर त्या शाळेतल्या मुलांची घरं दिसत नाहीत. कुणाची आई शेतमजूर, कुणाचा बाप ऊसतोडीला, कुणाच्या घरात दहावी झालेलं कुणी नाही, यांतलं काही नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, परीक्षेला न बसलेली मुलं दिसत नाहीत.

ती कशी नाहीशी होतात हे आम्ही जवळून पाहिलं आहे. शाळेचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण हे एका शाळेचं नाही. निवृत्तीनंतर एका हायस्कूलच्या शाळा समितीवर आम्हाला घेतलं होतं. शिकलेला म्हातारा सभेला शोभून दिसतो. आठवीपर्यंत मुलाला नापास करायचं नाही, असा शिक्षणहक्क कायद्याचा नियम तेव्हा होता, २०१० पासूनचा. मग चाळणी सरकली नववीत. मार्च-एप्रिलमध्ये नववीच्या कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावणं जातं. मुख्याध्यापक गोड बोलतात, आणि ते वाईट मनुष्य नव्हेत. ‘मुलगा दहावीत निघायचा नाही. वर्ष फुकट जाईल. त्यापेक्षा दाखला घ्या आणि सतरा नंबर भरा.’ सतरा नंबर म्हणजे खाजगीरीत्या परीक्षेला बसण्याचा अर्ज. शाळेत न जाता बसणाऱ्यांसाठी, काम करून शिकणाऱ्यांसाठी ती सोय आहे, चांगली सोय आहे. तिचा हा दुसरा उपयोग.

एका पोराचा बाप त्या दिवशी आम्हाला व्हरांड्यात भेटला. जतकडचा माणूस, सांगलीत हमाली करायचा. घरी बोलणं कानडी. पोरगा चौथीपर्यंत गावाकडे कानडी शाळेत होता, मग इथे मराठीत. बापाला वाटलं आम्ही मोठे साहेब. म्हणाला, ‘सर, पोरगं रोज येतंय हो शाळंला. रोज येणाऱ्याला काढत्यात व्हय?’ आम्ही आयुष्यभर प्लेटो, कांट शिकवले. त्या माणसाला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आत जाऊन मुख्याध्यापकांशी बोललो. ते म्हणाले, ‘सर, निकाल ऐंशीवर आला तर पुढच्या वर्षी पाचवीला मुलं येणार नाहीत. मुलं आली नाहीत तर संचमान्यतेत दोन शिक्षक जातील. त्या शिक्षकांनाही घरं आहेत.’ त्यांचंही खोटं नव्हतं. शिक्षकांची पदं पटावर ठरतात, पट निकालावर ठरतो, आणि निकाल राखायचा तर पटातूनच काही नावं वजा करायची. गोल गोल फिरणारं हे जातं आहे, आणि त्याच्या पाळ्यात सापडतो तो हमालाचा मुलगा.

चाळणी एवढी एकच नाही. मोठ्या हायस्कुलात ‘अ’ तुकडी सेमी इंग्रजी, आणि खालच्या तुकड्या नुसत्या मराठी. कागदावर हा भाषेचा पर्याय आहे. वर्गाच्या दारात उभं राहून पाहिलं तर तो पर्याय नाही, पेठा आणि वस्त्या यांची वाटणी आहे. त्याहून वरची चाळणी शाळेच्या बाहेर. ज्यांना परवडतं ते इंग्रजी माध्यमाकडे गेले. कुणाला दोष देणार? आमचीच नातवंडं तिथे आहेत. भाऊरावांच्या पंगतीतली जी पोरं शिकून वर आली, त्यांच्याच नातवंडांनी आज पंगत बदलली आहे. त्यांना शिकवणाऱ्या संस्थेच्या आज चारशेहून अधिक माध्यमिक शाळा आहेत, आणि त्यांच्या वर्गांत बसतात ते पुन्हा पहिल्यांदाच शाळा पाहणाऱ्या घरांतले. विटभट्टीवरचे, ऊसतोडीवरून आलेले, औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या परप्रांतीयांचे. खानापूर-आटपाडीकडे तर मुलं आजी-आजोबांजवळ असतात आणि आईबाप गलाईच्या धंद्यात देशाच्या दुसऱ्या टोकाला.

राजवाड्यातल्या त्या जुन्या हायस्कूलला १९५१ साली प्रतापसिंह महाराजांचं नाव दिलं गेलं. आज ते जिल्हा परिषदेकडे आहे. एके काळी जिल्ह्यातल्या सुखवस्तू घरांनी जिथे मुलगा घालायला धडपड केली, तिथे आता येतात ती बहुतेक ज्यांना दुसरीकडे जाता आलं नाही अशा घरांतली मुलं. शंभर-सव्वाशे वर्षांत शाळेची जागा तीच राहिली आणि वर्गात बसणारी माणसं पूर्ण बदलली. १९०० साली या शाळेत एक मुलगा वेगळा बसवला गेला होता. आता त्या मुलासारखीच मुलं आत आहेत, आणि बाकीचे बाहेर निघून गेले आहेत. कुणी या दोन काळांचे निकाल शेजारी शेजारी ठेवून ‘शाळा घसरली’ असं म्हणेल, तर आम्ही एवढंच विचारू की कोण घसरलं.

शाळा समितीच्या पुढच्या सभेत आम्ही एक लेखी सूचना दिली. दर्शनी भिंतीवर दहावीचा निकाल लिहिता ना, त्याच्या शेजारी एक ओळ वाढवा. दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलं होती, त्यांतली किती दहावीला याच शाळेतून बसली, आणि उरलेली कुठे आहेत. आकडे काढायला कसलाही खर्च नाही, रजिस्टर कपाटात आहेच. लिपिकाने ते काढूनही दिलं. आम्ही चष्मा लावून एकेक नाव बघत गेलो. दाखला नेला, दाखला नेला, लग्न, स्थलांतर, दाखला नेला. काही नावांपुढे शेऱ्याचा रकाना कोराच होता.

सभेत चर्चा बरीच झाली. एक सदस्य म्हणाले, बाकीच्या शाळा लिहीत नाहीत, आपणच कशाला? ते व्यवहाराला धरूनच होतं. विषय पुढील सभेत घ्यावा, असं इतिवृत्तात नोंदवलं गेलं. आमची मुदत त्या वर्षी संपली. तो हमालाचा मुलगा सतरा नंबर भरून बसला की नाही हे कळवून घ्यायचा आम्ही प्रयत्न केला, मार्केट यार्डात दोनदा जाऊन आलो. बापाने गाळा बदलला होता.